चाळीस पावलांचं टपाल

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत बसलो होतो, पण मास्तरांशी पटलं नाही. चूक मास्तरांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझं शुद्धलेखन काढत बसायला नको.

त्यामुळे आमच्या शाळेच्या बाई वही घेऊन माझ्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काका, मला तुमची बोली लिहून घ्यायचीय," तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त म्हैस होती.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याच आल्या होत्या. मूळच्या डोंगराकडच्या पाड्यावरच्या. आईबाप मजुरीवर जाणारे, आणि ही पोरगी शिकून मास्तरीण झालेली. आमचं गाव खाडीच्या काठाला, अंजूरच्या बाजूचं. तेव्हा भाताच्या शेतात गोदामं उठायला लागली होती आणि गावातली तरणी पोरं ट्रकवाल्यांशी बोलून बोलून घरातही हिंदी झाडायला लागली होती.

बाईंनी मला समजावलं ते असं. कॉम्प्युटरवर एक जागा आहे. तिथे जगातल्या लोकांनी आपापल्या बोलीतले शब्द भरायचे. नुसता शब्द नाही, त्याची सगळी रूपं. मी खातो, तू खातोस, ती खाते, काल खाल्लं, उद्या खाईन, कुणी खाऊ नका. साहेबलोक भरत नाहीत, बोलणारी माणसंच भरतात. कुणी आफ्रिकेतला, कुणी बर्फातला.

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट."

"आनि मग त्याचं करतात काय?"

"जपून ठेवतात, काका. बोलणारी माणसं गेली तरी शब्द राहतात."

"मी कुठं चाललोय?"

बाई गडबडल्या. "तसं नाही हो," म्हणाल्या आणि वही उघडली.

खरं सांगायचं तर मला ते काम पहिल्या मिनिटालाच आवडलं होतं. तीस वर्षं मी भिवंडीत कापडाच्या लूमवर काढली. आधी कारागीर, मग जॉबर, म्हणजे बंद पडलेली लूम चालू करून देणारा. शेडमध्ये सगळे बाहेरून आलेले. मी 'हाय-न्हाय' केलं की हसायचे. तहसीलला जावं तर कारकून माझं वाक्य दुरुस्त करून मलाच परत द्यायचा. माझ्या हातच्या कामाला लोक बरोबर म्हणायचे, पण माझ्या बोलण्याला कुणी कधी बरोबर म्हटलं नव्हतं. आणि आता एक शिकलेली बाई शाळा सुटल्यावर समोर बसून विचारत होती, आणि मी सांगेन ते पेनानं लिहून घेत होती.

यादीत साठ शब्द. येणं, जाणं, खाणं, देणं असलेच. साऱ्या जगाला तीच यादी. आठ दिवसांत मी संपवली. बायको दारात उभी राहून ऐकायची. म्हणाली, "बाई, एवढं बोलणं चाळीस वर्षांत माझ्याशी केलं न्हाय यांनी."

शनिवारी बाई भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेमध्ये गेल्या आणि सोमवारी तोंड पाडून आल्या.

"काका, अडलंय. एकानं भरलेलं कच्चं धरतात. त्याच गावात जन्मलेल्या, तिथेच राहिलेल्या, साठीच्या वरच्या दुसऱ्या माणसानं प्रत्येक शब्दाला बरोबर किंवा चूक म्हणायचं. दोघांचं जुळलं की तो रकाना भरतो. सगळे रकाने भरले की तुमच्या गावाचं पान चढतं."

"आनि न्हाय चढलं तर?"

बाईंनी वहीचा कोपरा दुमडला, परत सरळ केला. "पुढच्या महिनाअखेरची मुदत आहे. नाही चढलं, तर तुमचं गाव खाडीपलीकडच्या गावात धरतील. त्यांचं पान झालंय. त्याच्याखाली लिहितील, अलीकडच्या काठालाही असंच बोलतात."

घरातून हसण्याचा आवाज आला. माझी बायको खाडीपलीकडची.

"माझ्या भावानंच भरलं ते," ती पदर खोचत बाहेर आली. "गेल्या महिन्यातच. मी म्हटलं तुमाला वाईट वाटल, म्हणून बोलले न्हाय."

आता खाडीपलीकडच्या लोकांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, सासुरवाडी आहे. पण ती माणसं बोलताना वाक्याला शेपूट लावतात. साधं पाणी मागितलं तरी गाणं म्हटल्यासारखं मागतात. आणि त्यांच्या पानाखाली आम्ही! तेही माझ्या मेव्हण्याच्या पानाखाली! तो माणूस स्वतःच्या लग्नात उशिरा आला होता.

मी लगेच गावातले साठीच्या वरचे मोजायला बसलो. बायका बाद, कारण गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या दुसऱ्या गावांतून लग्न होऊन आलेल्या, आणि इथं जन्मलेल्या लग्न होऊन बाहेर गेलेल्या. राहिले बाप्ये. एक गोदीत नोकरीला होता, मुंबईत वीस वर्षं राहिलेला, बाद. एकाला ऐकूच येत नव्हतं. एक होता तो कशालाही बरोबर म्हणायचा, दोनदा पंचायतीवर निवडून आलेला माणूस, पण बाई म्हणाल्या असा साक्षीदार कामाचा नाही. उरला एकच. माझा चुलतभाऊ.

त्याचं घर माझ्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे. चाळीस पावलं. मी मोजलेली आहेत. आणि अठरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

कारण सांगतो, तुम्हीच ठरवा. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे भावकीत बोलावणं करायचं तर कर्त्या माणसानं स्वतः उंबऱ्यावर येऊन अक्षता द्यायच्या. त्याने मला पत्रिका पाठवली ती पोस्टानं. तिकीट लावून! पत्ता लिहिला होता मुक्काम, पोस्ट, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, आणि वर पिनकोड. हा ओट्यावरून शिंकला तर माझ्या ओट्यावरचा कंदील हलतो, आणि त्याची पत्रिका भिवंडीच्या पोस्टात शिक्का खाऊन चार दिवसांनी माझ्याकडे आली. मी लग्नाला गेलो नाही. मी गेलो नाही म्हणून तो माझ्या घरी वास्तुशांतीला आला नाही. पुढे मग सवयच झाली.

बाई म्हणाल्या, "मी नेऊन देते ना त्यांना वही. दोन मिनिटांचं काम."

"न्हाय," मी म्हटलं. "त्यानं पोस्टानं धाडली, त्याला पन पोस्टानंच जाईल."

बाईंना वाटलं मी थट्टा करतोय. मी भिवंडीला जाऊन पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. एका कार्डावर पाच शब्द, पहिल्या कार्डावर येणं सोडून सोपे सोपे घेतले. सगळी यादी एकदम धाडली असती तर त्याला वाटलं असतं गरज मला आहे. खाली लिहिलं, 'बरोबर अगर चूक ते कळवणे.' आणि पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

चार दिवसांनी पोस्टमन आमच्या गल्लीत आला. त्याने ते कार्ड समोरच्या घरात दिलं आणि गल्लीत मधोमध उभा राहून एकदा माझ्याकडे, एकदा तिकडे बघितलं.

"बाबा, यो कार्ड तुमीच टाकलाव ना?"

"हो."

"मंग मना कशाला नाचवता? हाक मारायची!"

"तुला सरकार पगार देतं ना? चल पुढं."

चुलतभाऊ ओट्यावर चष्मा लावून बसला. कार्ड वाचलं. परत वाचलं. मग आत गेला. मी तासभर खाटेवर बसून राहिलो, मला काही त्याची वाट बघायची नव्हती, वारा येत होता म्हणून. तो बाहेर आला, चपला घातल्या आणि माझ्या दारावरून, माझ्याकडे न बघता, रिक्षा पकडायला नाक्याकडे गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्याही हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा होता.

त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. चार बरोबर, एक चूक. चुकीच्या पुढे लिहिलं होतं, 'हा शब्द लूमवाल्यांचा. आपला नव्हे.'

मला राग आला, पण शब्द खरंच शेडमधला होता. मी दुरुस्त करून पुढचं कार्ड टाकलं, आणि खाली एक ओळ जास्त लिहिली, 'ज्याला समोरचे चार दात नाहीत त्याने उच्चार शिकवू नये.' त्यावर उत्तर आलं, 'पाचही बरोबर. दात दोन नाहीत.'

अशी आमची कामं चालली. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे पोस्टमन वाचायचा, पोस्टमनकडून नाक्यावरचा चहावाला ऐकायचा, आणि मला माझ्या कार्डाचं उत्तर काय आलं हे कधी कधी कार्ड यायच्या आधीच रिक्षात कळायचं. "काका, तुमचा 'देणं' पास झाला."

बाई कार्डं गोळा करून वहीत उतरवायच्या. एकदा त्या कार्ड हातात धरून बराच वेळ बसल्या. "काका, ही ओळ मला कळत नाही. 'आलो होतो. कुलूप होतं.' हे कुठल्या शब्दाचं रूप?"

मी कार्ड घेतलं. शेवटच्या शब्दाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

"ते तुमच्या कामाचं न्हाय," मी म्हटलं.

पुढच्या कार्डावर पाच शब्द लिहिले आणि खाली, 'कुलूप होतं तर परत यायचं होतं.' आठ दिवसांनी उत्तर. पाच शब्द बरोबर. 'परत आलो होतो. परत कुलूप. तू ड्युटीवर, वहिनी माहेरी. आठव्या दिवशी लग्न होतं. काय करायचं होतं?'

बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हो, मी होते की माहेरी. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं तवा."

"मग मला तवाच सांगायचं ना!"

"तुमी विचारलंत कुठं? तुमी पत्रिका फाडत होतात."

पण माणसानं अठरा वर्षं जो राग सांभाळला तो एका पोस्टकार्डावर कसा सोडायचा? मी पुढच्या कार्डावर नुसते पाच शब्द लिहिले. खाली काही नाही.

इकडे बाई बोटांवर हिशेब करत होत्या. एक कार्ड जायला चार दिवस, यायला चार दिवस, मधे रविवार, मधे सुट्टी. "काका, या चालीनं तुमचं पान पुढच्या पावसाळ्यात चढेल. मुदत उद्या संपतेय. पस्तीस शब्द अजून कच्चे आहेत."

"तुमच्या पाड्याचं पान कुणी भरलं?" मी विषय बदलायला विचारलं.

"माझ्या आईनं आणि मावशीनं. चुलीपाशी बसून तीन दिवसांत."

"त्या भांडत न्हाईत?"

"खूप भांडतात," बाई म्हणाल्या. "पण समोरासमोर."

मी पोस्टकार्डांचा गठ्ठा सारखा करायला लागलो. बायको दारात आली. "ऱ्हाऊ द्या हो बाई. माझ्या भावाच्या पानाखाली जागा हाय. तो कुनाला न्हाय म्हनत न्हाय. ऱ्हातील हे पन एका कोपऱ्यात."

तिने हे मुद्दाम केलं हे मला तेव्हाही कळलं होतं. मी उठलो, धोतर सारखं केलं आणि ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पायरी उतरलो नाही. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं बोलायचं तर आवाज कमवावा लागतो, तो मी कमवलेला आहे.

"बाई!" मी ओरडलो, बाई शेजारीच होत्या तरी. "समोर कुनी असंल तर त्यांना सांगा, सव्वीसावा शब्द, बसणं! मी बसतंय!"

समोरचं दार उघडलं. चुलतभाऊ ओट्यावर आला. तोही पायरी उतरला नाही.

"बाई!" तो ओरडला. "त्यांना सांगा, बरोबर!"

बाई वही घेऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. इकडून मी ओरडायचो, तिकडून तो. शाळेतली कवायत परवडली. पाचच मिनिटांत शेजारपाजारचे ओटे भरले. कुणीतरी बाईंना खुर्ची आणून दिली. गोदामाकडे जाणारा एक टेम्पो अडला, ड्रायव्हर म्हणाला, "क्या हुआ, झगडा है क्या?" तर शेजारची म्हणाली, "नहीं, भाषा का काम चालू है." त्याने इंजिन बंद केलं आणि तोही ऐकत बसला.

पस्तीसातले चौतीस झाले. तीन ठिकाणी तो चुकला, चार ठिकाणी मी चुकलो असं त्याचं म्हणणं पडलं, दुरुस्त्या झाल्या. शेवटी राहिला होता 'येणं'. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो मला सगळ्यात पक्का येत होता.

"मी आयलू!" मी ओरडलो.

"बरोबर!"

"तो आयला!"

"बरोबर!"

"आमी आयलाव!"

समोरून काही आलं नाही.

"आमी आयलाव!" मला वाटलं पोचलं नसेल.

"चूक," चुलतभाऊ म्हणाला. ओरडून नाही, साध्या आवाजात. "आमी आयलो."

"आयलाव!"

"आयलो!"

बाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. "कुणीतरी एकानं मान्य करा हो. हा एकच रकाना राहिलाय. हा रिकामा राहिला तर सगळं पान जातं."

"मी जन्मभर आयलाव म्हनत आलोय," मी म्हटलं. "मी त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा हाय. त्याला सांगा."

तेव्हा चुलतभावानं पहिल्यांदा बाईंना मध्ये न घेता तोंड उघडलं. "आपले बापूस मिठागरावरून यायचे तवा वळणावरून काय वरडायचे? आठव."

आमचे दोघांचे बाप सख्खे भाऊ, मिठागरावर कामाला. संध्याकाळी दोघं बरोबर यायचे, पायांना मीठ लागून चिरा पडलेल्या. वळणावर आले की माझा बाप हाक द्यायचा, म्हणजे घरात भाताचं पाणी वेळून काढायला घेतील. ती हाक मला बोलून बघावी लागली नाही. कानातच होती. 'आयलो गो, आयलो!'

तेवढ्यात बायको बोलली. ती माझ्या मागे उंबऱ्यात उभी होती, आणि तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका होता.

"आयलाव माझा हाय," ती म्हणाली. "माझ्या म्हायेरचा. लग्न झालं तवा मी आयलाव म्हटलं की हे सगळे दात काढायचे. आनि बघा आता!"

सगळी गल्ली हसली. टेम्पोवालाही हसला, त्याला काय कळलं देव जाणे. माझं तोंड गरम झालं. चाळीस वर्षं मी माझ्या गावचं म्हणून जे बोलत होतो ते खाडीपलीकडचं होतं, आणि तेच मी खाडीअलीकडच्या पानावर चढवायला निघालो होतो. ते वाचून मेव्हणा किती हसला असता, तेही मला दिसलं.

दोनच रस्ते होते. हट्ट धरला असता तर आमचं गाव पलीकडे जमा. नाहीतर अठरा वर्षांत ज्याच्याकडे बघितलं नाही त्याला, सगळ्या गावासमोर, टेम्पोवाल्यासमोर, बरोबर म्हणायचं.

"बरोबर," मी म्हटलं.

"काय?" चुलतभावानं कानाला हात लावला.

"बरोबर!"

"वारा हाय, ऐकू न्हाय येत!"

"बरोबर हाय तुझं!" मी इतक्या जोरात ओरडलो की पोस्टमनला अंजूरला ऐकू गेलं असेल. "आयलो! बाई, लिवा! त्याचं बरोबर हाय! मेल्या, ऐकू आलं का?"

"आलं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलं होतं."

बाईंनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या सायबरमध्ये निघाल्या, तर त्यांच्या रिक्षात आधीच आम्ही दोघं बसलेले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं बाईंना चुकीचं भरू देणार नाही म्हणून चाललोय, तो म्हणाला त्याला भिवंडीत काम आहे. धामणकर नाक्याला उतरल्यावर त्याचं काम काय ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

सायबरमधे दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई, दुसरीवर आम्ही दोघं, अर्धे अर्धे. बाईंनी तासभर भरलं. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आमच्या गावाचं नाव, स्वतंत्र, कुणाच्या खाली नाही. शेजारी मेव्हण्याच्या गावाचं पान उघडून दाखवलं. "बघा काका, बहुतेक रकाने सारखेच आहेत. पण असे थोडे वेगळे निघाले," आणि त्यातल्या एका रकान्यावर त्यांचं बोट थांबलं, "म्हणून तुमचं पान वेगळं राहिलं." बोट ज्यावर होतं तो 'आयलो' होता. चुलतभावानं घसा खाकरला. मी पंख्याकडे बघितलं.

सायबरवाला म्हणाला, "चाचा, टाइम हो गया."

"हो गया तो हो गया," चुलतभाऊ म्हणाला, "पहले पढ़ने दो." आणि आम्ही साठही शब्द वाचून काढले, त्याने वरून, मी खालून.

घरी परतायला दुपार झाली. गल्लीत शिरलो, डोकं उन्हानं भणभणत होतं, भूक लागली होती. मी रोजच्यासारखा ओट्याची पायरी चढलो आणि नकळत आत हाक दिली, "आमी आयलाव गो, पाणी आण!"

"चूक," मागून आवाज आला.

चुलतभाऊ माझ्या ओट्याखाली उभा होता. त्याच्या घराकडे वळायचं सोडून माझ्या मागोमाग आला होता, बोलता बोलता, आणि आता त्याचं त्यालाच लक्षात आल्यासारखं एका पायावर थांबला होता.

"दोघांसाठी आनू का एकट्यासाठी?" बायकोनं आतून विचारलं.

"दोघांसाठी," मी म्हटलं. आणि त्याला म्हटलं, "चपला तिकडं काढ. आत म्हशीचा चारा हाय, पाय घसरतो. आनि माझ्या घरात माझ्या चुका काढायच्या न्हाईत."

"मग मी बोलू काय?" तो म्हणाला, आणि चपला काढायला लागला.